शौच : नियम की यम?

पातंजल योगसूत्रांत शौचाची गणना नियमांत केलेली आहे, यमांत नाही. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह या पाच यमांना सूत्रकारांनी जाति, देश, काल आणि प्रसंग यांची मर्यादा न मानणारे सार्वभौम महाव्रत म्हटले. शौच मात्र संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान यांच्या पंक्तीस बसविले, म्हणजे साधकाने स्वतःच्या देहापुरते आणि चित्तापुरते पाळावयाचे आचरण ठरविले. आपल्या घरांतील सोवळ्याओवळ्याची सारी व्यवस्था याच समजुतीवर उभी राहिली की, माझे शुचित्व माझ्या उंबरठ्याच्या आत सिद्ध होते आणि बाहेरच्या मळापासून मी अंतर राखले म्हणजे ते अबाधित राहते. या समजुतीची खरी परीक्षा जळगावच्या भाजीबाजारात होते, असे मला वाटते.

हिवाळा लागला की खानदेशात घरोघर भरिताचे बेत ठरतात. आसोदे-बामणोदकडची हिरवी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर साल करपेपर्यंत भाजावयाची, मिरची-लसणाबरोबर लाकडी बडगीत ठेचावयाची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर वाढावयाची. अग्नीतून निघालेल्या या पदार्थाविषयी वैद्यक निःशंक आहे. परंतु ताटात त्याच्या शेजारी कांद्याची पात येते, मुळा येतो, मेथीचा घोळाणा येतो, आणि ही सारी सामग्री कच्ची असते. मेथीची जुडी मुळांसकट उपटलेली, पानांच्या बेचक्यांत माती अडकलेली. टवटवी राहावी म्हणून विकणारी बाई ती ज्या बादलीत पुनःपुन्हा बुडविते, त्या बादलीचे पाणी दुपारपर्यंत गढूळ झालेले असते. त्या मातीत जंताचे अंडे असले तर ते डोळ्यांस दिसत नाही. मनुष्याच्या आतड्यात राहणारी जंताची मादी दिवसाला सुमारे 2 लाख अंडी घालते. ती मळाबरोबर उघड्या जमिनीवर पडली म्हणजे उबदार, ओल्या मातीत दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्या मनुष्यास बाधण्याजोगी होतात आणि तेथे वर्षानुवर्षे तग धरू शकतात. त्यांचे बाह्य आवरण चिकट असल्यामुळे ती पानास धरून राहतात, आणि पिण्याच्या पाण्यात घालतात तेवढ्या क्लोरीनला दाद देत नाहीत.

याहून विचारात पाडणारी गोष्ट पट्टकृमीची आहे. अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून हा कृमी मनुष्याच्या आतड्यात शिरतो. पण त्याची अंडी मळावाटे बाहेर पडून पाण्यातून, पाल्यातून किंवा न धुतलेल्या हातातून दुसऱ्याच्या पोटात गेली, तर त्यांतून निघालेला भ्रूण रक्ताबरोबर मेंदूपर्यंत पोहोचतो, तेथे त्याची गाठ होते आणि धडधाकट मनुष्यास फेफरे येऊ लागते. ज्याने जन्मात मांसाला स्पर्श केला नाही, कांदालसूणही वर्ज्य मानले, अशा मनुष्याच्याही मेंदूत ही गाठ सापडते, आणि आपल्या देशात असे शाकाहारी रुग्ण विरळा नाहीत. न्यूयॉर्कच्या सनातनी यहुदी वस्तीत, जेथे डुकराचे मांस धर्माने निषिद्ध, तेथेही 1990-91च्या सुमारास हाच रोग आढळला. संशयाची दिशा त्या घरांत स्वयंपाकपाणी करणाऱ्या, परदेशाहून आलेल्या बायांकडे वळली, कारण त्यांपैकी एकीच्या पोटात हा कृमी असल्याचे दिसून आले. आपली जुनी सोवळ्याची वृत्ती येथे तत्काळ सांगेल की, त्या बाईला घराबाहेर काढा. माझ्या मते धर्म याच्या नेमका उलट आहे. त्या बाईला स्वतःच्या व्याधीचा पत्ताही नसतो, आणि ती थोड्याशा औषधाने बरी होते. तिच्या प्रकृतीची वेळेवर विचारपूस झाली असती तर तीही निरोगी राहिली असती आणि तिच्या धन्याची मुलेही. बहिष्काराने कृमी मरत नाही, तो केवळ दुसऱ्या वस्तीत जातो.

चरकसंहितेच्या विमानस्थानात वीस प्रकारच्या कृमींचे वर्णन करून चिकित्सेचे तीन मार्ग सांगितले आहेत: कृमी बाहेर काढणे, ज्या स्थितीत तो पोसतो ती स्थिती पालटणे, आणि ज्या कारणाने तो उत्पन्न होतो ते कारण टाळणे. शाळाशाळांतून मुलांना मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी पहिल्या मार्गाची आहे आणि ती अवश्य द्यावी. परंतु तेच मूल घरी येऊन त्याच मातीतली मुळी खाते, तेव्हा तिसरा मार्ग कोणाच्या जमाखर्चात मांडावयाचा? गृहिणीने मेथीचे पान अन् पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली धुवावे, शंका असेल तेव्हा भाजी शिजवूनच खावी, हे तिचे कर्तव्य खरेच. मात्र मळ्याला पाणी कोठून आले, खत कुजले होते की कच्चेच टाकले, हे तिच्या अखत्यारीत नाही. मलमूत्राचे सोनखत करावयाचे तर ढीग पुरेसा तापून, पुरते दिवस कुजून निघाला पाहिजे, आणि ती दक्षता एकट्याच्या सोवळ्याने साधत नाही.

म्हणून शौचाला नियमांतून उचलून यमांत, अहिंसेच्या शेजारी बसविले पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे. कारण माझ्या अशौचाची इजा मला न होता परक्या लेकरास होते. खानदेशच्या मातीला हा विचार अपरिचितही नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी कित्येक पिढ्या चालत आलेल्या फडपद्धतीत बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली असे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि शेतकऱ्यांनीच नेमलेले पाटकरी, हवालदार आणि जागल्या पाण्याचा बंदोबस्त पाहत. आपल्या वाफ्यात आपण वाटेल ते करू, असे म्हणण्याची मुभा कोणास नव्हती. ज्या लोकांनी पाण्याच्या वाटपाचा असा कायदा कचेरीच्या हुकुमावाचून पाळला, त्यांना पाण्याच्या निर्मळपणाचा कायदा पाळणे अशक्य का वाटावे? पाटाच्या वरच्या अंगाला कोणाचे सांडपाणी मिळते याची चौकशी पंचांनी करावी, नगरपालिकेने बाजारच्या ओट्याजवळ बादलीच्या ऐवजी वाहत्या पाण्याची तोटी द्यावी, आणि पहाटे मेथी उपटावयास येणाऱ्या मजूर बाईसाठी मळेवाल्याने बांधाच्या कडेस संडास आणि हात धुण्यास साबण-पाणी ठेवावे.