लाजेचा तुकडा

पंगतीत बसलेल्या माणसाला आपला वाटा किती, हा प्रश्न कधी पडत नाही. तो प्रश्न वाढणाऱ्याचा. पानावर दोन जिलब्या पडल्या की दोन आपल्या. शेजारच्या पानावर तीन पडल्या तर दोष वाढप्याचा, आणि त्या दोषाला आपल्या भाषेने ‘पंक्तिप्रपंच’ असे भारदस्त नावही देऊन ठेवले आहे. पण वाढणारा कोणी नसेल, ताटली मध्ये असेल आणि ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यायचे असेल, तर? या प्रश्नाने मला गाठले ते स्पेनच्या दक्षिणेला, कादिझ नावाच्या गावी.

माझा धाकटा भाऊ तेथील आखाताकाठच्या गोदीत नोकरीला आहे. त्याच्याकडे मी आणि आमची थोरली बहीण, अक्का, असे दोघे गेलो होतो. जुने कादिझ म्हणजे समुद्रात घुसलेली जमिनीची एक जीभ. फिनिशियन दर्यावर्दी लोकांनी वसवलेले हे गाव पश्चिम युरोपातल्या सर्वांत जुन्या शहरांत गणले जाते. भावाने आम्हांला ला कालेता नावाच्या चौपाटीजवळच्या एका लहानशा खाणावळीत नेले. दुपारचे तीन वाजले होते, आणि तेथे जेवणाची वेळ तीच. मधोमध लहान लहान ताटल्या येत होत्या. प्रत्येकाने त्यांतून उचलायचे. अक्का सुरुवातीला उष्ट्याच्या विचाराने जरा अवघडली. मग पहिली ताटली आली आणि उष्टे विसरली. बारीक कोळंबी पिठात कालवून जाळीदार तळलेली होती, आणि त्या पिठात चक्क बेसन! “अरे, ही तर आपली जवळ्याची भजी!” ती म्हणाली. पाठोपाठ मोरी आली, व्हिनेगर, लसूण, जिरे लावून तळलेली. (मोरीला ओल्या खोबऱ्याचे वाटण न लावणे हा मला अजूनही अपराध वाटतो, पण चव वाईट नव्हती.) मग तेल-व्हिनेगरातले उकडलेले बटाटे, फोडणी द्यायची विसरलेली भाजी म्हणा.

भजी होती पाच आणि माणसे तीन. बोलता बोलता चार संपली आणि एक उरले. भाऊ हसून म्हणाला, “दादा, या उरलेल्या तुकड्याला इथे ‘लाजेचा’ म्हणतात. तो उचलायची कोणाला छाती होत नाही.” मी ताटली त्याच्याकडे सरकवली, त्याने माझ्याकडे, मग दोघांनी मिळून अक्काकडे. ती म्हणाली, “मला पुरे.” शेवटी भावाने ते खाल्ले. आमचे संस्कार अजून शाबूत आहेत असे वाटून मला क्षणभर बरे वाटले. मग उगाचच हिशेब केला. मी दोन, भावाने दोन, अक्काने एक.

लाज वाटते ती शेवटच्या तुकड्याची, कारण त्यावर सर्वांची नजर असते. अन्याय व्हायचा तो मात्र आधीच्या चारांत होऊन गेलेला असतो. तेव्हा गप्पा रंगात असतात आणि कोणी मोजत नाही. पहिले दोन बिनदिक्कत खाऊन शेवटच्यावर पाणी सोडणारा माणूस उदार ठरतो. इतका स्वस्त त्याग दुसरा नसेल.

आणि तो त्याग मी यापूर्वी केलेला होता. २००८ साली वडिलांच्या मागे आमची वाटणी झाली. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत हक्क दिला होता. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाच्या बरोबरीला आणले होते. अक्काने हक्कसोडपत्रावर सही केली. “मला पुरे आहे रे,” असेच काहीतरी ती तेव्हाही म्हणाली होती. सहीला पाच मिनिटे लागली. त्यानंतर आजीच्या तांब्याच्या हंड्यावरून मात्र आम्हां भावांची अख्खी दुपार गेली: “तू घे”, “नको, दादा, तुम्हीच ठेवा.” शेजाऱ्यांनी आम्हांला राम-भरताची उपमा दिली. मनूने थोरल्याला विसावा हिस्सा जास्त सांगितला आहे, तो मी घेतला नाही याचाही मला अभिमान होता. आमच्यात थोरली अक्का आहे, हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आले नाही.

कोणी म्हणेल, तिने राजीखुशीने दिले. खरे आहे, कोणी तिचा हात धरला नव्हता. तीस वर्षे शाळेची मुख्याध्यापकी केलेल्या बाईच्या शब्दावर शंका घेणे हाही तिचा अपमानच, असे मी स्वतःला पुष्कळदा समजावले आहे, आणि त्या युक्तिवादात मला अजून उघड खोट सापडत नाही. फक्त एवढेच आठवते, की आम्ही तिला विचारायला गेलो तेव्हा कागद आधीच टंकून नेला होता. ‘नाही’ म्हणायचे तर तिला त्या कागदालाच नव्हे, दरवर्षीच्या भाऊबिजेलाही नाही म्हणावे लागले असते. ज्या नकाराची किंमत माहेर आहे, तो न दिल्याला राजीखुशी म्हणायचे का? आणि म्हणायचे नसेल, तर ज्याने ते दान घेतले त्याने इतक्या वर्षांनी काय करावे? परत करू म्हटले तर तिने दिलेलेच खोटे ठरते.

हे सारे मनात घोळत असताना भावाने भज्यांची दुसरी ताटली सांगितली होती. मी अक्काला विचारले, “तुला खरंच पुरे झालं होतं?”

तिने माझ्याकडे पाहिले. “कशाबद्दल विचारतोस?”

मला उत्तर देता आले नाही. तेवढ्यात ताटली आली. पुन्हा पाचच. आम्ही दोघे भाऊ एकदम हात आखडून बसलो.

“थांबा, मी वाढते,” अक्का म्हणाली. तिने एक त्याला वाढले, एक मला वाढले. उरलेली तीन आपल्या पुढ्यात ओढली आणि भावाला विचारले, “लिंबू मिळेल का रे इथे?”