दोष कुणाचा, जबाबदारी कुणाची?

डॉक्टरांसमोर मी खोटं बोलत असे. “गोड खाता का?” “छे, सणासुदीलाच.” समोर पांढरा कागद, हातात पेन, खरं सांगितलं तर आपली इयत्ता खाली येईल अशी शाळकरी भीती.

साउथहॅम्प्टनमधल्या आमच्या मधुमेहींच्या गटात ती भीती गेली. गट चालवणाऱ्या गुजराती बेन स्वतः मधुमेही आहेत. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “माझी तीन महिन्यांची सरासरी ६१ आली. दिवाळी फार लांबली.” ६१ म्हणजे पुण्याच्या रिपोर्टमधले ७.७ टक्के. सगळे हसले, आणि मग एकेक जण खरं बोलू लागला.

घरी येताना मनात आलं, लोका सांगे ब्रह्मज्ञान! स्वतःची साखर आटोक्यात नाही, त्यानं दुसऱ्याला शिकवावं का? औषधाचा डोस ठरवायचा असेल तर नाहीच. ते काम डॉक्टरांचं, आणि बेनही त्यात पडत नाहीत. पण भाकरी किती, भात किती, पाहुण्यांच्या आग्रहाला नाही कसं म्हणायचं, हे घसरून सावरलेल्यानंच सांगावं.

आपल्या साखरेचं आणि या गावाचं एक जुनं नातं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि साउथहॅम्प्टनचे संशोधक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, साउथहॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं हडकुळी, पण त्या मानानं त्वचेखालची चरबी मात्र टिकून असलेली. म्हणजे मधुमेहाची पूर्वतयारी काही अंशी आईच्या पोटातच होते.

गटात हे सांगितल्यावर एक काका म्हणाले, “मग आता चालायला तरी कशाला जायचं?”

बेन म्हणाल्या, “वडिलोपार्जित घर गळकं निघालं, तर दोष आपला नाही. पण पावसाळ्यात बादली आपल्यालाच ठेवावी लागते.”

दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टी आपण एकच समजतो. म्हणून दोष नको असला की जबाबदारीही झटकतो, आणि जबाबदारी घेतली की स्वतःला दोष देत बसतो. गट दोष काढून घेतो, जबाबदारी ठेवतो. हे एकट्याला जमणं कठीण.

मागच्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, “गोड?”

“रोज संध्याकाळी चहाबरोबर तीन बिस्किटं,” मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग आम्ही खरं बोलायला लागलो.