पात्र कोण? परदेशी सेवेला निघण्याआधी

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२



रविवारी आपलं वाचन संपलं, चहा झाला आणि सगळे चपला शोधत होते. तेवढ्यात गटातली एक मुलगी थांबली. फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात नोकरी करते. म्हणाली, "दादा, मला बाहेरच्या देशात जाऊन सेवा करायचीय. तीन संस्था निवडल्यात. तुम्ही नेपाळला जाऊन आलायत ना, सांगा ना कुठली घेऊ?"

मी "बघू गं" म्हणालो आणि विषय बदलला. घरी आलो, पण मनातून ते जाईना. कारण नेपाळला जाऊन आलो हे मी सगळ्यांना सांगतो. तिथे काय झालं हे मात्र फारसं सांगत नाही. आज योगायोगाने वाचनात सतराव्या अध्यायातले दानाचे तीन श्लोक आले. तेव्हा म्हटलं, आता लिहूनच टाकू.

आधी श्लोक काय म्हणतात ते साध्या भाषेत पाहू.

भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. देणं हे आपलं कर्तव्यच आहे या भावनेने, परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य पात्री दिलेलं ते सात्त्विक. बदल्यात काहीतरी मिळावं म्हणून किंवा फळावर डोळा ठेवून, मनात कुढत दिलेलं ते राजस. आणि चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, अपात्री, मान न राखता, तुच्छतेने दिलेलं ते तामस.

एक गोष्ट लक्षात आली का? तामस दानातही देणारा देतोच आहे. खिशातून पैसे जातायत, वेळ जातोय, अंगाला घाम येतोय. तरी भगवंत त्याला तामस म्हणतात. म्हणजे "माझा हेतू चांगला होता" एवढ्यावर गीता आपल्याला सोडत नाही. हेतू हवाच, पण सोबत देश, काळ आणि पात्र यांचा विचारही हवा.

आद्य शंकराचार्यांच्या भाष्यात देश म्हणजे कुरुक्षेत्रासारखं पुण्यस्थान, काळ म्हणजे संक्रांतीसारखं पर्व आणि पात्र म्हणजे वेदपारंगत विद्वान. आज विमानाचं तिकीट काढून सेवेला निघालेल्या आपल्यासारख्यांसाठी हेच तीन शब्द मी थोडे पुढे ओढतोय. तो अर्थ माझा आहे, चुकला तर दोष माझा.

आता माझी गोष्ट.

काही वर्षांपूर्वी मी दोन आठवड्यांसाठी काठमांडूजवळच्या एका बालगृहात गेलो होतो. एका एजन्सीच्या वेबसाइटवर फॉर्म भरला. नाव, वय, टी-शर्टचं माप, पैसे. झालं! मला मुलं शिकवण्याचा अनुभव आहे का, माझ्यावर कधी काही गुन्हा आहे का, कुणीही विचारलं नाही. मला तर बरंच वाटलं, किती सोपं म्हणून.

तिथे आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा पहिल्याच दिवशी येऊन मांडीवर बसला. मी हरखून गेलो. केवढं प्रेम! माझ्याआधी तिथे दुसरे कुणी होते, त्यांच्याआधी तिसरे, आणि तो प्रत्येकाच्याच मांडीवर असाच बसत असणार, हे तेव्हा सुचलंही नाही. शेवटच्या दिवसाआधी त्याने मोडक्या हिंदीत सांगितलं की त्याची आई गावी आहे. मी म्हटलं, "मग तू इथे कसा?" तो म्हणाला, "इथे शाळा आहे." आणि मग, "तुम्ही परत येणार ना?"

मी हो म्हणालो. गेलो नाही.

परत आल्यावर वाचायला लागलो, तेव्हा कळलं की तो एकटा नव्हता. नेपाळच्या यादवी युद्धाच्या काळात, १९९६ ते २००६ मध्ये, हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलाल मुलांना "शिक्षण देतो" म्हणून घेऊन यायचे, आईवडिलांकडून पैसेही घ्यायचे. नेपाळमधली बहुतेक बालगृहं कुठे आहेत? गरिबी जास्त असलेल्या डोंगराळ जिल्ह्यांत नाहीत. ती एकवटलीयत काठमांडू खोरं, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवर. कंबोडियातही तेच. २००५ ते २०१० या काळात तिथे अनाथाश्रम भराभर वाढले, आणि युनिसेफच्या २०११ च्या अभ्यासात दिसलं की त्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते. पाहुणे येत होते, पैसे देत होते, म्हणून "अनाथ" लागत होते. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाने आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, त्या वेळच्या चर्चेत अनाथाश्रमांसाठी होणारी ही मुलांची ने-आण गुलामगिरीचाच एक प्रकार म्हणून मान्य झाली.

म्हणजे मी सेवा करायला गेलो होतो आणि कदाचित एका मुलाला त्याच्या आईपासून लांब ठेवायचे पैसे भरून आलो. "कदाचित" म्हणतोय, कारण त्या घराबद्दल मला खात्रीने काही माहीत नाही. पण मी विचारलंच नव्हतं ना! त्या मुलासोबतचा माझा फोटो दोन वर्षं प्रोफाइलला होता. मग काढून टाकला.

मंडळी, "पात्र" या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक लायक माणूस, दुसरा भांडं. आजीच्या स्वयंपाकघरात कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात कुणी ताक ओतलं की ती ओरडायची, "अगं, कळकेल ते!" ताक चांगलंच असतं. भांड्याला कल्हई नसते. आपली सेवा म्हणजे ते ताक आणि संस्था म्हणजे भांडं. ज्या भांड्यातून ती पुढे जाणार त्याला कल्हई आहे का हे बघणं हा संशयखोरपणा नाही. तो सेवेचाच भाग आहे.

मग कल्हई बघायची कशी? तिन्ही शब्द एकेक करून घेऊ.

देश. तिथे आपल्याला कुणी बोलावलंय? संस्थेच्या ऑफिसने, की तिथल्या माणसांनी? स्थानिक भागीदार कोण, त्याचं नाव सांगतात का? मी करणार ते काम मी नसताना कोण करतं? तिथला गवंडी रोजावर भिंत बांधतो आणि आपण पैसे भरून तीच भिंत वाकडी बांधायला जातो, तर आपण सेवा केली की त्याचा रोज घालवला? कायद्याचंही बघा. पुष्कळ देशांत टुरिस्ट व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही. ब्रिटनमध्ये व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत तीस दिवसांपर्यंतच सेवा करता येते. "व्हिसाचं काही नाही हो, फिरायला आलो म्हणून सांगा" असं सांगणारी संस्था पहिल्या पावलालाच तुम्हाला खोटं बोलायला लावतेय. तिथेच थांबा.

काळ. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये भूकंप झाला तेव्हा काठमांडूच्या विमानतळाला एकच मोठी धावपट्टी होती आणि मदतीच्या विमानांना उतरायला जागा मिळत नव्हती. अशा वेळी जेवण-पाणी-तंबू यांसाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेला, भाषा न येणारा उत्साही माणूस म्हणजे आणखी एक तोंड. त्या वेळी घरी बसून पैसे पाठवणं हेच सात्त्विक असू शकतं. आणि काळ म्हणजे किती काळ, हेही. दोन आठवडे मला पुरले. त्या मुलाला पुरले का?

पात्र. आपण नेहमी विचारतो, घेणारा पात्र आहे का. माझ्या मते इथे तीन पात्रं तपासायची. संस्था, काम आणि आपण स्वतः.

संस्था कुठे नोंदलेली आहे ते त्या देशाच्या नोंदवहीत बघता येतं. इंग्लंड आणि वेल्समधल्या बऱ्याच संस्थांचे हिशेब चॅरिटी कमिशनच्या वेबसाइटवर कुणालाही वाचता येतात. फी घेतली म्हणून संस्था खोटी होत नाही, राहण्या-जेवण्याला खर्च येतोच. पण "यातले स्थानिक कामाला किती जातात?" याचं उत्तर आकड्यात मिळायला हवं. आधी जाऊन आलेल्या दोघांशी बोलायला मागा, आणि ते संस्थेने निवडून दिलेले नकोत, आपण शोधलेले हवेत. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० पासून आहे. तो अर्जाचे पैसे मागत नाही, उलट प्रत्यक्ष जाणाऱ्याला राहण्यापुरता भत्ता देतो. म्हणून त्याच्या नावाने "प्रोसेसिंग फी भरा" अशी मेल आली तर ती सरळ फसवणूक समजा. आणि लहान मुलांचं काम असेल आणि संस्था तुमच्याकडे पोलीस क्लिअरन्स मागत नसेल, तर तिथे जाऊच नका. ते सर्टिफिकेट पासपोर्ट सेवेतून मिळतं, अवघड काही नाही.

आता आपण स्वतः पात्र आहोत का? इथे मला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. आपल्या सोलापूरचे. चीनवर जपानने आक्रमण केलं होतं, तिथून वैद्यकीय मदतीची मागणी आली आणि १९३८ मध्ये राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टर पाठवले, त्यातले ते एक. बघा, बोलावणं होतं, वेळ युद्धाची होती आणि हातात शस्त्रक्रियेचं कौशल्य होतं. देश, काळ, पात्र, तिन्ही जुळलेलं. त्यांनी तिथली भाषा शिकून घेतली. काही सहकारी परतले तरी ते राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. आपण सगळे कोटणीस होणार नाही. पण निघण्याआधी "मला कुणी बोलावलंय, आणि माझ्या हातात काय आहे?" हे दोन प्रश्न तर विचारू शकतो.

राजस दानाबद्दलही खरं बोलू. मास्टर्सच्या अर्जात लिहायला काहीतरी हवं, फोटो हवेत, ऑफिसच्या कंटाळ्यातून सुटका हवी. हे सगळं माझ्याही मनात होतं. भगवंत राजस म्हणतात म्हणजे पाप म्हणतात असं नाही. पण नाव बरोबर द्यावं. देश बघायचाय? मग मजेत फिरायला जा, होमस्टेमध्ये राहा, गावच्या हॉटेलात जेवा, लोकांना पैसे मिळतील. त्याला सेवेचं लेबल लावू नका, एवढंच.

सोमवारी मी त्या मुलीला फोन केला. आधी नेपाळची सगळी गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग आम्ही तिच्या तीन संस्था घेऊन बसलो. पहिली, तीन आठवडे मुलांसोबत, लगेच प्रवेश. दुसरी, शाळेचं बांधकाम, अनुभव नको. तिसरी, अपंगांच्या पुनर्वसनाचं काम. किमान सहा महिने, दोन वर्षांचा अनुभव हवा, दोन वरिष्ठांची पत्रं, पोलीस क्लिअरन्स, मुलाखत, आणि वर लिहिलेलं की स्थानिक थेरपिस्टना शिकवायचंय, त्यांच्याऐवजी काम करायचं नाही.

ती वैतागून म्हणाली, "दादा, ही तिसरी किती भाव खाते! फुकट काम करायला जायचं तर एवढ्या अटी?"

मी म्हटलं, "अगं, बाविसावा श्लोक परत वाच. मान न राखता दिलेलं ते तामस. ही संस्था भाव खात नाहीये. तुझ्यासमोर जो पेशंट येणार आहे, त्याचा मान राखतेय. तुझ्या आजीच्या गुडघ्याला तू कुणालाही हात लावू देशील का? मग त्यांची आजी काय कमी आहे?"

मला स्वतःलाच ते तेव्हा नीट कळलं. ज्या दारातून मला काहीही न विचारता आत घेतलं, तिथे माझा सन्मान झाला असं मला वाटलं होतं. खरं म्हणजे आतल्या मुलांचा अवमान झाला होता. जी संस्था सगळ्यांना घेते, तिला आत असलेल्यांची काळजी नसते.

तिने तिसरीचा फॉर्म भरलाय. उत्तर आलेलं नाही, कदाचित नकारही येईल. तोवर शनिवारी ती घराजवळच्या वृद्धाश्रमात जाते. तिथल्या आजोबांना तिचं नाव पाठ झालंय म्हणे.

आजचा छोटा अभ्यास : या आठवड्यात कुणालाही काही देताना, पैसे, वेळ किंवा सल्ला, देण्याआधी एक क्षण थांबा आणि विचारा : इथे? आत्ता? यालाच? आणि मान राखून? चारही "हो" आले तर मोकळ्या हाताने द्या.

हे पांडुरंगा, देण्याची घाई आम्हाला पुष्कळ आहे. विचारण्याचा धीरही दे. आणि ज्या लेकराला मी "परत येईन" म्हणालो, ते जिथे असेल तिथे त्याला त्याची आई भेटू दे.

राम कृष्ण हरी.