खात्यावर जमा

लक्ष्मीपूजनाला आता पेढीवर लॅपटॉपलाही हळदकुंकू लागतं. शेजारी लाल कापडातली कोरी चोपडी असते आणि तिच्यात स्वस्तिकापलीकडे वर्षभर काहीही लिहिलं जात नाही. हिशेबाचं नवं वर्ष सुरू होतं 1 एप्रिलला. 1989-90 या आकारणी वर्षापासून आयकर खात्याने सगळ्यांना 31 मार्चला बांधलं, त्याआधी प्रत्येक धंद्याला आपलं हिशेबवर्ष निवडता येत असे. कुणाचं दिवाळी ते दिवाळी, कुणाचं आणखी वेगळं.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा जन्म त्या काळातला, 1986 चा. श्यामसुंदर गोएंका यांचा गिरण्या-कारखान्यांना कच्चा माल आणि सुटे भाग पुरवण्याचा धंदा होता. मनासारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून गणिताचा पदवीधर असलेल्या मुलाला, भरतला, त्यांनी ते लिहायला बसवलं. त्या काळच्या प्रोग्रामांत प्रत्येक खात्याला आकडी कोड असायचा आणि तो पाठ करावा लागायचा. टॅलीने कोड काढून टाकले. पार्टीचं नाव टाइप करा, खातं समोर. लाखाचा स्वल्पविराम लाखाच्या जागी. वही लिहिणाऱ्या दिवाणजीला संगणक आपला वाटला, त्याची अर्धी कारणं एवढ्यातच आहेत.

उरलेली अर्धी जरा खोल आहेत. समजा, एका पार्टीकडून 50,000 रुपये आले. कुठल्या बिलाचे, ते तिनं सांगितलेलं नाही आणि आपण विचारायचंही नसतं. तिची चार बिलं थकलेली आहेत. एकात माल कमी भरल्याची तक्रार आहे, दुसऱ्यावर भावफरक द्यायचं तोंडी कबूल झालंय. पार्टी गोल रक्कम पाठवते, म्हणजे नातं चालू आहे एवढंच कळवते. टॅलीत रिसीट नोंदवताना चार पर्याय येतात: नवा संदर्भ, जुन्या बिलापोटी, ॲडव्हान्स आणि ऑन अकाउंट. दिवाणजी चौथा निवडतो. खात्यावर जमा, पुढचं पुढे. साठ्याचंही तसंच. गाडीबरोबर फक्त चलन आलं, बिल चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर येणार, तोवर निम्मा माल विकलासुद्धा. साठा उणे दिसतो. टॅली इशारा देते, पण अडवत नाही.

अशा सोयी बड्या कंपन्यांच्या ईआरपी सॉफ्टवेअरमध्येही असतात, नाही असं नाही. पण तिथे त्या अपवाद म्हणून, परवानगीच्या कुलपाआड. तिथला राजमार्ग ठरलेला: आधी खरेदीचा आदेश, मग माल मिळाल्याची नोंद, मग बिल, तिन्ही जुळले तरच पैसे. आपल्याकडे खरेदीचा आदेश म्हणजे सकाळचा फोन. दोन्हींतला फरक क्षमतेचा नाही, गृहीताचा आहे. एक सॉफ्टवेअर अनोळखी माणसांमधला व्यवहार गृहीत धरतं, दुसरं वर्षानुवर्षांच्या ओळखीतला.

जर्मनीच्या एसएपी या ईआरपीनेही भारतात येताना जुळवून घेतलं. अबकारीची आरजी-23ए, आरजी-1, पीएलए ही रजिस्टरं सांभाळणारा खास भारतीय भाग तयार झाला, त्यावर सल्लागारांची एक पिढी जगली आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर त्यातलं बहुतेक मोडीत निघालं. तरी माझ्या मते हे काम त्यातल्या त्यात सोपं. कायदा राजपत्रात छापलेला असतो, रिवाज कुठे छापलेला नसतो. सल्लागार विचारतो, तुमची प्रोसेस काय? मालक सांगतो ते कसं व्हायला हवं ते. स्टोअरकीपरला माहीत असतं ते कसं होतं. पण मीटिंगला तो नसतो.

म्हणून "स्थानिक पद्धतीला अनुरूप" असं कुणी कौतुकाने म्हटलं की मी विचारतो, कुणाच्या पद्धतीला? टॅलीत टीडीएल नावाची एक भाषा आहे. तिच्यात गावोगावच्या प्रोग्रामरांनी ज्याच्या त्याच्या धंद्याला बेतून भर घातली. आडतीच्या पेढीचंच पाहा. शेतकऱ्याला मिळणारी पट्टी डोळ्यांसमोर आणा. वर नग, वजन, दर, रक्कम. खाली कपाती: हमाली, तोलाई, मोटारभाडं, मागची उचल. सगळं एका बटणावर, हुबेहूब जुन्या पट्टीसारखं. पण ती पद्धत प्रोग्रामरला सांगितली आडत्याने, कारण पैसे तो देत होता. फळं-भाजीपाल्याची आडत कैक वर्षं शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाई. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ती खरेदीदारावर टाकली. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने बदल किती? एक ओळ इकडची तिकडे. ती ओळ इतकी वर्षं इकडे होती, ती कुणी जाहीरपणे हलवेपर्यंत बाजाराचा निसर्गनियम वाटत होती. हमालाचं तर नावही नाही. 1969 च्या माथाडी कायद्याने त्याला मंडळाच्या दप्तरी नोंद दिली. पट्टीत तो अजून नगामागे अमुक रुपये एवढाच आहे.

रिवाज म्हणजे असमान माणसांमध्ये एका काळी झालेली तडजोड. तोंडी असते तोवर ती थोडी हलते, वाकते, सणासुदीला सैल होते. सॉफ्टवेअरमध्ये गेली की ती कळफलकावर बसलेल्याच्या बाजूने घट्ट होते.

आणि लवचिकता म्हणून आपण जिचं कौतुक करतो, ती सगळीच परंपरेतून आली असंही नाही. शिवलेल्या वहीत पान फाडलं तर कळायचं, खाडाखोड डोळ्यांत भरायची. टॅलीत मात्र गेल्या वर्षीचं व्हाउचर उघडून तारीख, रक्कम, पार्टी बदलून एंटर मारता येई, आणि तपासणीची सोय मुद्दाम चालू केली नसेल तर मागे काही उरत नसे. वहीने कधीच न दिलेली मोकळीक संगणकाने दिली आणि आपण तिला "आपली पद्धत" म्हणू लागलो. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरणं सक्तीचं झालं, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. या नियमावर पुष्कळ कुरकुर झाली. मला तर तो जुन्या वहीच्या शिस्तीकडे परत जाणं वाटतो. फक्त तो कंपन्यांपुरता आहे; एकट्या मालकीची पेढी किंवा भागीदारी त्यात येत नाही, आणि बाजारपेठ मुख्यतः त्यांचीच.

खात्यावर जमा करण्याच्या रिवाजाला खरा धक्का दिला तो 2023 च्या वित्त कायद्याने. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचं देणं करार असेल तर फार तर 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत चुकतं करायचं. मुदत उलटून वर्षअखेर थकलं, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. पैसे द्याल त्या वर्षी मिळेल. म्हणजे आता प्रत्येक बिलाचं वय मोजायला हवं. मार्चमध्ये दिवाणजी फोन करून विचारतात, "शेठ, ते पन्नास हजार कुठल्या बिलात टाकू?" हा प्रश्न पूर्वी असभ्य ठरला असता. सॉफ्टवेअरवाल्यांनी पुरवठादाराच्या खात्यात उद्यम नोंदणीचा, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा, रकाना घातला, दिवस मोजणारा अहवाल दिला. कायदा लहान माणसाच्या बाजूचा, सॉफ्टवेअर कायद्याच्या बाजूचं. पण मोठे खरेदीदार नोंदणी नसलेल्यांकडे ऑर्डर वळवताहेत, नोंदणी रद्द करा म्हणताहेत, अशा तक्रारी 2024 च्या सुरुवातीला लघुउद्योजकांकडूनच येऊ लागल्या. ज्याच्या रक्षणासाठी तो रकाना आला, त्यालाच तो कोरा ठेवणं परवडतं. काही जण तर आपल्या बिलावर उद्यम क्रमांक छापतच नाहीत.