चुकून आलेला पैसा

सदरा मापाला बसला नाही म्हणून आपण परत करतो. ८०० रुपये परत मिळायचे, गल्ल्यावरचा मुलगा घाईत १६०० देतो. वरचे ८०० कोणाचे?

आपले उत्तर तयार असते : चूक त्यांची, आपण कुठे मागितले? पण देणगीला देणाऱ्याची इच्छा लागते आणि चुकीत ती नसते. म्हणून पैसा हाती आला तरी आपला होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ याचे ७२ वे कलमही सांगते की, चुकून मिळालेला पैसा परत केला पाहिजे.

'एवढ्या मोठ्या दुकानाला काय फरक पडतो?' मालकाला नसेल पडत. पण रात्री हिशेब जुळला नाही तर जाब त्या मुलालाच द्यावा लागतो. 'पूर्वी त्यांनी आम्हाला लुबाडले होते,' असेही आपण म्हणतो. तसे असेल तर समोर जाऊन भांडावे. गुपचूप केलेल्या वसुलीला न्याय म्हणत नाहीत.

दुकान दूर असेल तर पदरमोड करून धावत जावे, असे आम्ही म्हणत नाही. फोन करावा, रक्कम बाजूला ठेवावी.

कुरआनची ८३ वी सूरह मापात पाप करणाऱ्यांना बजावते : ते घेताना पुरेपूर घेतात, देताना कमी देतात. हे आपण नेहमी दुकानदारालाच लावतो. पण १०० रुपये कमी आले की आपण लगेच माघारी फिरतो आणि जास्त आले की गप्प बसतो. मग तराजू आपल्या हातातही आहेच की!