वाहत्या नदीकाठचा हिशेब



शिराळा तालुक्याला अल्लाहने विपुल पाणी दिले आहे. चांदोलीच्या डोंगरात मुसळधार पाऊस कोसळतो आणि वारणेवरील धरणात सुमारे ३४ टीएमसी पाणी साठते. परंतु याच तालुक्यातील उंचावरच्या शिवारांना नदी आपण होऊन भेटत नाही. तेथे वाकुर्डे योजनेच्या पंपांनी पाणी वर चढवावे लागते. पंप विजेवर चालतात. म्हणजे माळावर सांडलेल्या पाण्याबरोबर वीजही सांडते.

‘नदी भरून वाहते आहे, थोडे पाणी अधिक गेले तर काय बिघडले?’ असे आपल्या मनात येते. हाच प्रश्न प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर आला होता. हजरत सअद (रजि.) वुजू करताना अधिक पाणी वापरत होते. प्रेषितांनी (स.) त्यांना हटकले. वुजूसारख्या उपासनेतही उधळपट्टी होते काय, असे त्यांनी आश्चर्याने विचारले. होय, तुम्ही वाहत्या नदीकाठी असलात तरीही, असा त्या उत्तराचा आशय आहे. इब्ने माजा यांच्या संग्रहात हे कथन आढळते. स्वतः प्रेषित (स.) एका मुद्दमध्ये, म्हणजे लिटरभरापेक्षाही कमी पाण्यात वुजू करीत.

यातील मर्म ध्यानात घ्या. पाणी किती उरले यावर उधळपट्टी ठरत नाही. वापरणाऱ्याची गरज किती होती यावर ती ठरते. टंचाईत तर प्रत्येक जण काटकसर करतो. ईमानाची कसोटी मुबलकतेत लागते.

शेतकरी बांधवांनो, सूरह अनआममध्ये पिकाच्या कापणीच्या दिवशी त्यातील हक्क देण्याची आज्ञा आहे आणि तिच्यालगतच उधळपट्टीची मनाई आहे. विचार करा: ऑटो-स्टार्टर लावून आपण झोपी जातो, रात्री वीज येते, पंप सुरू होतो आणि उसाचे वाफे तुडुंब भरून पाणी ओढ्याला मिळते. ते पाणी कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेजाऱ्याचे होते. अतिरिक्त पाणी इतरांपासून अडवू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मग ते वाया घालवणे कसे क्षम्य ठरेल? कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात अतिपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी तर आपल्यासमोरच आहेत. अति दिलेले पाणी अखेर पीकच हिरावून नेते.

सुरुवात मशिदीपासून करू या. वुजूचा नळ अर्धाच उघडावा, सांडपाणी झाडांकडे वळवावे, नमाज संपताच पंखे व दिवे बंद करावेत. शेतात ठिबक बसवावे, पंपाला वेळेचे बंधन घालावे.

सूरह तकासुर सांगते की, त्या दिवशी प्रत्येक देणगीविषयी विचारणा होईल. वारणाकाठी राहणाऱ्यांना वारणेविषयीही विचारले जाईल. अल्लाह आपणांस ही अमानत जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.