बिभीषण होण्याची अट

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 साली अमेरिकेत आला. आज भुसावळची मुलं मोबाइलवर आणि संगणकावर जे फँटसी खेळ खेळतात, त्यांतले बहुतेक त्याच्याच वळणाचे आहेत. खेळाडूने आधी आपल्या पात्राचा वंश निवडायचा: एल्फ, ड्वार्फ, हाफ-ऑर्क. 2000 सालच्या आवृत्तीत हाफ-ऑर्क निवडला की ताकदीचे दोन गुण वाढत, आणि बुद्धीचे व छाप पाडण्याचे दोन-दोन गुण कमी होत. ऑर्क हे राक्षसवजा लोक बहुधा दुष्ट, जमिनीखाली राहणारे ड्राऊ बहुधा दुष्ट, असं नियमपुस्तकातच छापलेलं असे. एखादा समाज जन्मतःच दुष्ट असू शकतो का, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. देव-दानवांच्या कथांवर वाढलेल्या आपल्या समाजाला तो नवा नाही, म्हणून तो आपण आपल्या बाजूने तपासला पाहिजे.

कर्मविचाराची पहिली अट अशी की पाप लागायला कर्ता लागतो. वाघाने गाय मारली तर त्याला कोणी पापी म्हणत नाही, कारण वेगळं वागण्याची निवड त्याच्यापुढे नव्हती. मग ऑर्कला निवड नसेल तर तो दुष्ट ठरत नाही, आणि निवड असेल तर तो जन्मतः दुष्ट राहत नाही. शिवाय ज्या वंशाचं पात्र खेळाडू स्वतः होऊ शकतो, तो तर निवड करणाराच असतो. पावलोपावली निर्णय घेणं हाच तो खेळ. यावर कोणी गीतेचा सोळावा अध्याय पुढे करील. तिथे दैवी आणि आसुरी अशी माणसांची विभागणी आहे, आणि ती जन्मासोबत येते असाही सूर आहे. हा आक्षेप वजनदार आहे. पण तोच अध्याय शेवटी काम, क्रोध आणि लोभ सोडायला सांगतो. सोडणं ज्याच्या हातात आहे त्यालाच असा उपदेश करता येतो.

खेळाचे चाहते म्हणतात, त्यात चांगले ड्राऊसुद्धा आहेत. आहेत खरे. आर. ए. साल्वाटोरे यांच्या 1988 च्या कादंबरीतून आलेला ड्रिझ्झ्ट हा त्यांतला सर्वांत लोकप्रिय. पण तो चांगला ठरतो तो आपलं शहर, आपली देवी आणि आपली माणसं सोडून आल्यावर. आपल्याकडे हे स्थान बिभीषणाचं आहे. लंका सोडली म्हणून तो सज्जन. मागे राहिलेल्यांविषयीचा निकाल मात्र तसाच राहतो. एखादा चांगला ऑर्क दाखवला की प्रश्न मिटला, असं म्हणूनच मानता येत नाही. चांगलं होण्यासाठी त्याला आपल्या लोकांपासून तुटावं लागतं का, ही खरी कसोटी आहे.

आपल्या लोकांपासून तुटण्याची ही अट खानदेशाने कथेबाहेर भोगली आहे. 1818 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल इथे आला. सातपुड्याच्या आणि सातमाळ्याच्या डोंगरांतल्या भिल्लांना सरकारी कागदांनी लुटारू स्वभावाची जात ठरवलं. गावाच्या राखणीचे त्यांचे परंपरागत हक्क बुडाले होते, दुष्काळ आणि लढायांनी मुलूख उजाड झाला होता. ही कारणं ठाऊक असूनही दोष स्वभावालाच चिकटला. मग 1825 मध्ये जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभारली, धरणगाव तिचं ठाणं झालं, आणि कालचे ‘लुटारू’ शिस्तीचे शिपाई म्हणून वाखाणले गेले. रक्त तेच होतं, बदलली होती ती वागणूक आणि भाकरीची सोय. तरी त्यातून निघालेला निष्कर्ष एवढाच की पलटणीत आलेला भिल्ल चांगला. सेंधवा घाटाची राखण करणारा खाज्या नाईक 1857 च्या धामधुमीत इंग्रजांविरुद्ध उभा राहिला, आणि काल ज्याच्यावर घाट सोपवला होता तो सरकारच्या लेखी पुन्हा दरोडेखोर झाला. पुढे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने स्वभाव जन्मानेच ठरतो या समजुतीला सरकारी बळ दिलं. कालांतराने पारधी, कैकाडी अशा जमातींवरही जन्माबरोबर शिक्का बसू लागला, आणि तो कायदा रद्द व्हायला 31 ऑगस्ट 1952 उजाडावा लागला. शिक्का कागदावरून गेला. पारध्यांच्या पालांवर संशय आजही आधी पोहोचतो.

यावर नेहमीचं उत्तर असतं की खेळ हा खेळ आहे, त्यातला ऑर्क कोणा माणसाची नक्कल नाही. पण 2004 साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधले ट्रोल जमैकन ढंगात बोलतात, आणि टॉरेन लोकांची वस्ती व चालीरीती अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींवरून घेतल्या आहेत, हे खेळणाऱ्याला लगेच कळतं. दुसरा आक्षेप मला अधिक पटतो: वंशावंशांत फरक नसेल तर निवडीत रसच उरणार नाही. फरक जरूर असावेत. कोणाला अंधारात दिसावं, कोणी दोनशे वर्षं जगावं, कोणाचे देव डोंगरात असावेत. बुद्धी आणि सदाचार मात्र जन्माच्या खात्यात मांडू नयेत. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2024 च्या नियमांत ताकद-बुद्धीचे वाढीव गुण वंशाऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याला जोडले गेले. उशिरा का होईना, हे योग्य झालं.

आपल्याकडे याहून मोठा दाखला आहे तो बळीचा. तो असुरच राहिला, आपल्या लोकांचा राजा राहिला, आणि दिलेल्या शब्दासाठी त्याने सर्वस्व दिलं. त्याला बिभीषण व्हावं लागलं नाही. त्याचा पराभव सांगणाऱ्या पुराणांनाही त्याचं दातृत्व नाकारता आलं नाही, आणि मराठी घरांत दिवाळीला ओवाळताना आजही त्याचंच राज्य मागितलं जातं. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’त त्याला इथल्या रयतेचा राजा म्हणून उभं केलं. त्यांचा इतिहास कोणी तपशिलात मान्य करो वा न करो. हरलेल्यांच्या बाजूने कथा वाचायचा त्यांचा हक्क निर्विवाद आहे.

मराठी मुलं आता स्वतः खेळ बनवू लागली आहेत. त्यांना एवढीच विनंती: सातपुड्यातलं पात्र घडवाल तेव्हा त्याच्या हाती धनुष्य देऊन थांबू नका. त्याला गाव द्या, बोली द्या, होळी द्या, आपसांत मतभेद असलेली माणसं द्या, आणि आपल्या लोकांत राहूनच मोठं होण्याची वाट मोकळी ठेवा.